गाव कापलेली बातमी

आमचा चौघींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर उगवत्या सूर्याचे फोटो नाहीत, गुलाबाची फुलं नाहीत, कोणाच्या पोराला किती टक्के पडले तेही नाही. रोज एकीनं इंटरनेटवर सापडलेली एक चमत्कारिक बातमी टाकायची, एवढंच काम. चोरी करायला शिरलेला चोर पंख्याखाली झोपी गेला आणि सकाळी घरच्यांनी त्याला हलवून उठवलं, तसली. एक बोकड रोज एकटाच बसमध्ये चढतो आणि बाजाराच्या थांब्यावर उतरतो, तसली. खून, अपघात आणि पुढारी यांना आमच्याकडे मज्जाव आहे. ते सगळं दिवसभर कानावर पडतंच.

आम्ही चौघी कॉलेजातल्या मैत्रिणी. एक माझ्यासारखी आदिलाबादेतच असते, सरकारी शाळेत शिकवते, तिला आम्हीसुद्धा बाईच म्हणतो. दुसरी जैनथला दिली, नवऱ्याचं किराणा दुकान आहे आणि गल्ल्यावर तीच बसते. तिसरी मुधोळला असते, शिवणकाम करते, तिचं तेलुगू आमच्यापेक्षा फार पक्कं. चौथी मी, एका सरकारी कचेरीत कारकून. मी जात्याच घोर लावून घेणारी. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत आलेली आहे, आणि परत येऊन बघितल्यावरही माझी खात्री पटलेली नाही. दिवसभरात माझ्या डोक्यातली कलकल थांबायची ती या ग्रुपवरच.

या खेळाचा एक नियम बाईनं घातलाय. बातमी टाकताना गाव कापायचं. लिंक द्यायची नाही, जिल्हा नाही, तारीख नाही. फोटोत दुकानाची पाटी किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर तेवढा भागही कापायचा. मग बाकीच्यांनी दिवसभर डोकं चालवायचं की ही बातमी कुठली, खरी का बनवलेली. संध्याकाळी टाकणारी गाव सांगते. गाव आधीच कळलं की मजा जाते, असं बाईचं म्हणणं. आणि तसं होतंही. बोकड राजस्थानातला आहे का केरळातला, यावर आम्ही एक अख्खी दुपार भांडलो होतो.

दुसरी रीत कोणी घातली नाही, ती आपोआप पडली. बातमीतल्या माणसाला आपल्या नात्यात ओढायचं. 'हा आमचा मोठा दीर.' 'अवं, ही तर माही आत्या, लहानपणापासून अशीच हाय.' पंख्याखाली झोपलेला चोर जैनथवालीनं आपला नवरा म्हणून लावला आणि वरून पोराची शपथ घेतली. जी जास्त तोंड करून, रडून, शपथा घेऊन नातं लावेल ती त्या दिवशीची जिंकली. मी बोकडाला मामेसासरा केलं तेव्हा मुधोळवालीनं हसता हसता ब्लाऊजची बाही उलटी शिवली म्हणे.

माझी माय माझ्याजवळ राहते. बाप गेल्यावर गावातलं घर बंद करून मीच तिला आणलं. जैनथच्या पुढं, पेनगंगेच्या काठच्या काळ्या मातीत, दुसऱ्यांच्या वावरात जन्म गेला तिचा. मुकादमानं नेमून दिलेली ओळ, म्हणजे पात, धरून निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी. त्यातून मी शिकले, नोकरीला लागले. हायवेच्या अंगाला नवी वस्ती झाली तिथं आम्ही दोघा नवरा-बायकोनं घर बांधलं, आणि माय त्या घरात आली तेव्हा एका गाठोड्यात तिचे कपडे होते आणि एका फडक्यात तिचं खुरपं. मी म्हटलं, इथं कुठं लागणार आहे तुला खुरपं. ती म्हणाली, कुंड्या हायत ना तुह्या.

गेल्या उन्हाळ्यापासून तिला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग औषधाच्या वेळा. मग एक दिवस विहारातून परत येताना ती आमच्या गल्लीत वळलीच नाही, सरळ चालत राहिली. ओळखीच्या एकानं तिला घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, जपा. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी आपला जपणं म्हणजे बंदोबस्त असा अर्थ लावला. गॅस पेटवायचा नाही. रस्त्यावर जायचं नाही. विहारात जायचं तर माझ्यासोबत, रविवारी. कोणी दार वाजवलं तर आधी खिडकीतून बघायचं. माय सगळं ऐकून घ्यायची आणि 'होवं बाई' म्हणायची. संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा ती हातपाय धुऊन पलंगावर बसलेली असायची. मला विचारायची, 'जेवली का दुपारी?' मला वाटायचं, झालं, जमलं आता हिला.

त्या दिवशी नवरा कामासाठी नांदेडला गेला होता. मी ऑफिसात एका जमिनीच्या दरखास्तीवर मान मोडून बसले होते. दुपारच्या डब्याच्या आधी शेजारणीचा फोन आला.

'सिलिंडरवाला आला व तुह्या घरी. दार ठोकू ठोकू थकला. कडी बाहेरून लावेल हाय. आजी कोठी गेल्या?'

मला आधी समजलंच नाही. बाहेरून कडी म्हणजे आत कोणी नाही. आत कोणी नाही म्हणजे माय नाही. हे एवढं साधं गणित करायला मला वेळ लागला. साहेबांना काय सांगितलं ते आठवत नाही. ऑटोत बसले आणि घरी आले.

घर जसंच्या तसं होतं. पलंगावर चादर घडी करून ठेवलेली. माझ्या हातची पोळी-भाजी झाकलेली, ताटात अर्धी. चपला नव्हत्या. मी गच्चीवर जाऊन आले, न्हाणीत बघितलं, पलंगाखालीसुद्धा वाकून बघितलं. पलंगाखाली माय कशाला जाईल, पण बघितलं. विहारात धावत गेले, तिथं कुलूप. परत आले आणि दाराच्या मागं हात घातला तेव्हा कळलं की खुरपंही जागेवर नाही.

त्यावरून मी ठरवून टाकलं की ती गावाला गेली. निंदणाचे दिवस होते. पाऊस उघडला होता आणि वावरावावरांत बाया उतरल्या होत्या. हिचं डोकं मागं गेलं असणार, हिला वाटलं असणार आपण अजून गावातच आहोत, आणि ही जैनथच्या बसमध्ये बसली असणार. बसली का? पैसे होते का तिच्याजवळ? का पायीच निघाली? नदीकडच्या रस्त्यानं पायी चालणारी माय माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली आणि मला तिच्या मागून येणारी वाहनंही दिसायला लागली. जैनथवालीला फोन लावला तर तो दुसऱ्या कॉलवर. परत लावला, तेच. म्हटलं ग्रुपवर लिहावं, कोणीतरी बघेलच. ग्रुप उघडला.

सकाळपासून मी तो बघितलाच नव्हता. त्या दिवशी बाईची पाळी होती. शाळेत जाण्याआधी तिनं बातमी टाकली होती, तेलुगूतून मराठी करून, नेहमीसारखी गाव कापून.

'हायवेच्या मधल्या पट्ट्यात म्हातारीचं निंदण. दोन्ही अंगांनी ट्रक धावत असताना एक वृद्ध महिला रस्त्याच्या मधोमध बसून झाडांतलं तण काढते. ती कोण, कुठली, हे कोणालाच ठाऊक नाही. लोकांनी हटकलं तर म्हणते, पात धरली आहे, संपल्याशिवाय उठता येत नाही.'

खाली फोटो. कण्हेरीच्या रांगेत बसलेली एक बाई, कॅमेऱ्याकडे पाठ. डोक्यावर फडकं. लुगड्याचा रंग उन्हानं उडालेला. आमच्या भागात अशा बाया हजार सापडतील. पण खुरपं डाव्या हातात होतं. आणि तिच्या मागं तणाचे लहान लहान ढीग होते, सगळ्यांची मुळं आभाळाकडे. दुसऱ्या बाया उपटलं की फेकतात. माझी माय डावरी आहे, आणि ती तण उलटं करून रचते, नाहीतर दवानं ते परत जीव धरतं म्हणते. लहानपणी तिच्या मागं मागं धुऱ्यावरून चालताना मी ते ढीग ओलांडलेले आहेत.

फोटोखाली दोघींचं सुरू झालेलं होतं. जैनथवालीनं लिहिलं होतं, 'ही माही आजेसासू. घरात जाऊबाईनं केर काढू देला नाही म्हणून रुसून गेली.' मुधोळवालीनं लिहिलं होतं, 'खोटी बातमी. हायवेवर कोण निंदते व? मुकादम कोठी हाय मंग?'

मी लिहिलं, 'ही माझी माय आहे.'

लगेच हसणारे चेहरे आले. एकीचे, मग दुसरीचे. मुधोळवालीनं लिहिलं, 'मंग शपथ घे.'

मी लिहिलं, 'शपथ. खरंच माय आहे. घरातून गेली आहे सकाळपासून. ही बातमी कुठली आहे ते सांगा लवकर.'

'बाप्पा,' जैनथवाली. 'आज तर पुरं नाटकच लावलं इनं.'

'गाव काढून घ्यायची युक्ती हाय ही,' मुधोळवाली. 'बाई, सांगू नको व.'

'मी रडत आहे,' मी लिहिलं.

'रडणारा चेहरा टाक ना मंग सोबत. आज तूच जिंकली.'

मी जे जे खरं लिहीत होते ते ते खेळात बसत होतं. आणखी काय लिहावं म्हणजे यांना पटेल, ते मला सुचेना. इतका संताप आला की मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला. पण माय कुठं आहे ते त्या मोबाईलच्याच पोटात होतं, बाईनं कापून टाकलेल्या दोन ओळींत.

बाईला फोन लावला. बंद. तेव्हा आठवलं की कालच ती कुरकुरत होती, कुठल्याशा परीक्षेची ड्युटी लागली म्हणून. वर्गावर जाण्याआधी सगळ्यांचे मोबाईल जमा करून घेतात आणि पेपर सुटल्यावरच परत देतात. शाळेच्या नंबरावर लावला. घंटी वाजत राहिली.

मग मुधोळवालीला लावला. तिनं हसतच उचलला. 'संध्याकाळपर्यंत थांब ना वं, बाई सांगणारच हाय.'

मी फोनवर रडायला लागले. तिकडची शिलाई मशीन थांबली.

'काऊन व? तू खरंच रडून राह्यली का?'

'माय हाय ती,' मी म्हटलं. 'खरंच माही माय हाय.'

ती एकदम कामाला लागलेल्या आवाजात म्हणाली, 'फोन ठेव. मी काढतो हुडकून. तू कोठी जाऊ नको, फोन हातातच ठेव.'

ती तेलुगूत शोधू शकत होती, मी नाही. मला तेलुगू येतं ते ऑफिसापुरतं, अर्जापुरतं. मी ओसरीत बसून राहिले. शेजारीण पाणी घेऊन आली, ते तसंच राहिलं. एवढ्यात जैनथवालीचा फोन आला. तिला मुधोळहून कळलं होतं. ती म्हणाली, दुकान नवऱ्यावर टाकून मी थांब्यावर येऊन उभी हाय, इकडं आली तर माह्या नजरेतून सुटत नाही. आणि मग तिचा आवाज फुटला. मी तिला चूप बसायला सांगितलं. ती रडायला लागली असती तर मला बसवलं नसतं तिथं.

पट्टा केवढा असतो तो? आमच्या घरातल्या पलंगाएवढा रुंद. नागपूरकडून हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथून काय वेगानं जातात ते मी बसमधून रोज पाहते. माय कान देऊन ऐकते तेव्हासुद्धा तिला एका कानानं कमी ऐकू येतं. ती उठली, पाय बधिर झाला, एक पाऊल चुकीच्या अंगाला पडलं तर? बातमी लिहिणाऱ्यानं फोटो काढला, मजा म्हणून लिहिलं, आणि तिला तिथंच बसलेली ठेवून निघून गेला का? मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की माझं मलाच नवल वाटलं.

मुधोळहून फोन आला. 'भेटली. गुडीहत्नूरच्या अलीकडं हाय. हायवेवर एक धाबा हाय म्हणते, त्याच्या समोर. पण ऐकून घे. ही बातमी आजची नाही. गेल्या हप्त्यातली हाय.'

'गेल्या हप्त्यात तर ती घरी होती,' मी म्हटलं.

'म्हनूनच सांगतो. ती दुसरीच कोणी असन.'

दुसरी कोणी नव्हती. ते खुरपं मला माहीत होतं. पण गेल्या आठवड्यात रोज संध्याकाळी माय पलंगावर बसलेली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मला काहीच जुळवता येईना. आणि गेल्या आठवड्यात ती तिथं होती म्हणून आज तिथंच असेल, असंही कुठं होतं? तरी माझ्या हातात तेवढं एकच ठिकाण होतं. मी पुन्हा ऑटोत बसले.

ऑटोवाल्याला मी सारखी सांगत होते, भय्या, जरा जल्दी. आणि तो जोरात चालवायला लागला की मलाच भीती वाटत होती की याच्याच पुढं माय आली तर. संपूर्ण रस्ता मी मधल्या पट्ट्याकडे बघत होते. कण्हेर, बोगनवेल, मधेच गाजरगवत कमरेएवढं. एका जागी फडकं हललं तर मी ऑटो थांबवायला लावला. ते एक प्लास्टिकचं पोतं होतं, बोगनवेलीच्या काट्यात अडकलेलं.

धाब्यावर उतरले. चहा गाळणाऱ्या माणसाला मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यानं एका नजरेत ओळखलं.

'वो अम्मा? रोज आते उनो. निंदाई की औरतां के ऑटो में आते, उनके साथीच वापस जाते.'

'रोज?'

'हौ. औरतां अंदर खेत में जाते. अम्मा को मुकादम लेता नहीं, बोलता उमर हो गई. तो अम्मा इधरीच बैठते, रोड पे काम करते शाम तक. मैं चाय देता तो पीते, कभी नहीं पीते.'

मी चाटच पडले. आमच्या वस्तीच्या नाक्यावरून सकाळी निंदणाच्या बायांचे ऑटो निघतात, ते मला ठाऊक होतं. मी ऑफिसला जाते आणि मग ते निघतात. त्या बाया दिवस मावळायच्या आधी परत येतात. मी त्यांच्यानंतर घरी पोचते. एवढ्या साध्या वेळापत्रकात माझा सगळा बंदोबस्त आरपार निघून गेला होता. आणि मी रोज संध्याकाळी धुतलेले हातपाय बघून खूश.

'अब कहां है?' मी विचारलं.

'आगे गए. उधर का साफ हो गया ना.'

त्यानं हात केला तिकडं मी बघितलं. धाब्यासमोरचा पट्टा स्वच्छ होता. कण्हेरीच्या बुडाशी काळी माती उघडी पडलेली, एक काडी नाही. रस्ता ओलांडून मी पट्ट्यात शिरले आणि गुडीहत्नूरकडे चालायला लागले. दोन्ही कानांत ट्रकांचा आवाज, ओढणी उडून तोंडावर येते, डोळ्यांत धूळ. तणाचे ढीग पडलेले होते, मुळं वर. पहिले ढीग वाळून काळे झालेले, हात लावला तर चुरा. मी चालत राहिले. मग पिवळे, मरगळलेले ढीग. मग असे की पानं मऊ पडली आहेत पण रंग अजून आहे. मी धावायला लागले. रस्ता वळतो तिथं पट्टा जरा रुंद झाला, आणि तिथल्या ढिगांच्या मुळांना माती ओली होती.

एका जागी ढीग संपले. पुढं गवत तसंच उभं. माय नव्हती.

मी तिथंच उभी राहिले. आवाज काढावा तर ट्रकांत काय ऐकू जाणार. मी पलीकडच्या रस्त्यावर बघितलं, डांबरावर बघितलं, काय शोधते आहे ते स्वतःला कळू न देता बघितलं. एक काळा डाग होता, तो तेलाचा निघाला.

मग कण्हेरीच्या दाट सावलीत, पाठ टेकून, पाय लांब केलेली माझी माय मला दिसली. फडक्यात बांधून आणलेली अर्धी पोळी खात होती.

मला बघून तिनं घास गिळला आणि म्हणाली, 'काऊन व, आज सुट्टी हाय का?'

मी तिच्यावर तुटून पडले. किती दिवस चाललंय हे. माझा जीव टांगणीला लावून तू इथं पोळी खात बसलीस. एखादा ट्रक आला असता अंगावर तर. मुकादम घेत नाही, कोणी बोलावलं नाही, हे कोणाचं वावर आहे, ही कोणाची पात आहे, कोण सांगतं तुला हे करायला. घरात तुला काय कमी केलं मी. जेवढं तोंडात आलं तेवढं बोलले. तिला सगळं ऐकू आलं असेल का माहीत नाही, पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी दम खायला थांबले तेव्हा तिनं हातातलं फडकं घडी केलं.

'झालं का बोलून? मंग ऐक. घरी बसलं का मले काईच आठवत नाही. सकाळ कोणती, दुपार कोणती. इथं हात चालले का आठवते. तुह्या बापाचं, गावाचं, तुह्या शाळेचं. समदं.'

'मला सांगायचं नाही का?'

'तू येऊ देली असती का?'

मी तिच्या बाजूला खाली बसले. ती जागा जरा सावलीची होती, माती गार होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नखांत हिरवं गेलेलं.

'हळू बोलत जाय पण,' ती म्हणाली. 'इथं लोक फोटो काढते. गाड्या थांबवते अन् काढते. हासते.'

'माहीत आहे मला,' मी म्हटलं.

'म्या कोणाले तोंड नाही दाखवलं. गाडी हळू झाली का मी पाठ करतो. कोणी नाव इचारलं तरी सांगत नाही, गाव सांगत नाही. तुह्या हाफिसातले लोक पाह्यतीन, म्हनतीन पाहा, इची माय रस्त्यावर बसते. तुले खाली पाहा लागन.'

तेवढ्यात मोबाईल वाजला. मुधोळवाली होती. मी उचलला आणि नुसतं 'भेटली' एवढंच म्हटलं, आणि ठेवला. तिकडं ती काय म्हणाली ते ऐकायच्या आतच ठेवला.

मायला उठवलं. तिचे पाय आखडले होते, मी काखेत हात घालून उभं केलं. रस्ता ओलांडायला आम्ही दोघी पट्ट्याच्या कडेला येऊन उभ्या राहिलो, ती डाव्या हातात खुरपं धरून, मी तिचा दुसरा हात धरून. हैदराबादकडून येणारी एक गाडी आमच्यासमोर येता येता हळू झाली. काच खाली गेली आणि आतून मोबाईल धरलेला एक हात बाहेर आला.

मी बघतच राहिले. मायनं मात्र वेळ घालवला नाही. तिनं पाठ केली, माझा खांदा धरून मलाही वळवलं, आणि आपला पदर ओढून माझ्या डोक्यावरून खाली घेतला. गाडी निघून जाईपर्यंत तिनं तो माझ्या तोंडापुढं धरून ठेवला.